शिष्य घडवणारी मंडळी

जुलै 1886. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, माउंट हर्मन नावाच्या शाळेच्या आवारात 251 कॉलेजविद्यार्थी जमले होते. बोलावणारे होते त्या काळचे गाजलेले उपदेशक ड्वाइट मूडी. जवळजवळ महिनाभर सकाळी बायबलचा अभ्यास, दुपारी खेळ आणि पोहणे, संध्याकाळी भाषणे असा क्रम चालला. त्या पोरांमध्ये प्रिन्स्टनचा एक किरकोळ अंगाचा पदवीधर होता. तो भाषणे करत हिंडला नाही. एकेका मुलाला गाठून झाडाखाली बसायचा, बोलायचा, दोघे मिळून प्रार्थना करायचे. शिबिर सुरू झाले तेव्हा परदेशी मिशनकार्याला जायची तयारी असलेले तरुण वीस-एकवीस होते. संपताना त्यांचे शंभर झाले. शंभरावा तर अगदी शेवटच्या प्रार्थनासभेत येऊन मिळाला.

त्या पदवीधराचे नाव रॉबर्ट पार्मली वायल्डर. जन्म 1863, जन्मगाव कोल्हापूर.

या एका माणसापासून जी स्टुडंट व्हॉलंटिअर चळवळ उभी राहिली, तिच्यातून पुढच्या काही दशकांत हजारो तरुण चीन, जपान, आफ्रिका आणि हिंदुस्थानात गेले. जगाच्या ख्रिस्ती इतिहासात तिला मोठे स्थान आहे. कोल्हापूरच्या इतिहासात मात्र तिचा उल्लेख सहसा होत नाही. शाहूंचे, कुस्तीचे, सिनेमाचे कोल्हापूर सगळ्यांना ठाऊक आहे. चार-सहा पुरुषांनी एकत्र बसून एकमेकांना शिष्य म्हणून घडवायचे, या ख्रिस्ती परंपरेतही या शहराचा वाटा आहे, आणि तो सांगायला हवा.

परंपरा जुनी आहे. हिंदुस्थानात तिचे पहिले ठसठशीत रूप बॅप्टिस्टांनी दाखवले, तेही कोल्हापुरापासून फार लांब, हुगळीकाठच्या सेरामपूरला. विल्यम केरी हा मूळचा इंग्लंडमधला चांभार. तो 1793 मध्ये बंगालात उतरला. 1800 च्या जानेवारीत डॅनिश अमलाखालच्या सेरामपूरला त्याने शिक्षक जोशुआ मार्शमन आणि छापखान्यातला विल्यम वॉर्ड यांच्याबरोबर बिऱ्हाड मांडले. पंगत एक, कमाईची पेटी एक, आणि घराचा कारभार पाळीपाळीने. शनिवारची संध्याकाळ एका खास कामासाठी राखलेली असे. आठवडाभरात ज्याचे ज्याच्याशी बिनसले असेल त्याने ते सगळ्यांसमोर बोलून मिटवायचे, आणि मगच रविवारच्या उपासनेला बसायचे. 1805 मध्ये त्यांनी आपल्या सहजीवनाचा करारनामा लिहिला आणि तो वर्षातून तीनदा प्रत्येक ठाण्यावर मोठ्याने वाचायचा असे ठरवले. नव्या शिष्यांना सांभाळणे आणि देशी माणसांच्या अंगचे गुण वाढीला लावून त्यांच्यावर काम सोपवणे ही त्यातली मुख्य कलमे.

मराठी वाचकाला सेरामपूर परके वाटायचे कारण नाही. फोर्ट विल्यम कॉलेजात केरी मराठीही शिकवत असे. त्याचे मराठी व्याकरण आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर ही दोन्ही 1805 चीच. 1810 मध्ये मोडी लिपीत छापलेला त्याचा मराठी कोश आला. या सगळ्या कामात पंडित वैजनाथ त्याच्या शेजारी बसलेले होते. मराठी गद्याची सुरुवातीची छापील पाने ज्या घरातून निघाली, त्याच घरात शनिवारची ती बैठक भरत होती.

बॅप्टिस्टांचा मूळ आग्रह असा, की माणूस आधी शिष्य होतो आणि मग बाप्तिस्मा घेतो. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा ते करत नाहीत. जाणत्या वयात स्वतःच्या तोंडाने साक्ष द्यायची, आणि ती मंडळीने ऐकायची. त्यामुळे शिष्यत्व हा त्यांच्याकडे केवळ प्रवचनाचा विषय राहत नाही. कोण कोणाला शिकवतो, कोण कोणाला जाब विचारतो, पडलेल्याला कोण उठवतो, ही मंडळीची रोजची कामे होतात. पुरुषांची वेगळी बैठक, म्हणजे आज ज्याला पुरुष संगती म्हणतात ती, याच गरजेतून आली.

कोल्हापूरला मात्र बॅप्टिस्ट आले नाहीत. आले ते काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन. वेगवेगळ्या मिशनांनी आपापले मुलूख वाटून घेतले होते आणि मराठी मुलखात बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे काम 1813 पासून मुंबईत सुरू होते. त्या बोर्डाचे मिशनरी, रॉबर्टचे वडील रॉयल गूल्ड वायल्डर 1846 मध्ये हिंदुस्थानात आले, काही वर्षे अहमदनगरला राहिले आणि 1852 मध्ये पत्नी एलायझासह कोल्हापुरात पोचले. किल्ल्यांवरच्या गडकऱ्यांच्या 1844 च्या बंडाला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. संस्थानात इंग्रजांचा वरचष्मा होता आणि गोऱ्या माणसाबद्दल लोकांच्या मनात अढी होती.

वायल्डर हट्टी माणूस. बोस्टनचे चिटणीस रूफस अँडरसन यांचे धोरण होते, की मिशनऱ्याने देशी भाषेत उपदेश करावा, शाळांवर, त्यातही इंग्रजी शाळांवर, पैसा आणि वेळ घालवू नये. वायल्डरांना ते पटले नाही. शाळेशिवाय शिष्य कसा घडणार, हा त्यांचा सवाल होता. वाद इतका वाढला की त्यांनी 1861 मध्ये मिशन शाळांवर पुस्तकच छापले आणि बोर्डाशिवाय, स्वतःच्या हिमतीवर, कोल्हापूरचे काम चालवले. 1870 मध्ये ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले. त्यांच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत तीन हजारांवर गावे फिरून झाली आणि त्यांच्या शाळांत 3,300 मुले शिकली, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. त्या मुलांत मुली तीनशे. अँडरसनांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. देशी मंडळी देशी माणसांच्या हाती लवकर जावी, हा त्यांचा हेतू योग्यच होता. पण कोल्हापुरात शाळेच्या बाकावरून जे पुढे आले ते पाहता वायल्डरांचा हट्ट कामी आला, असेच म्हणावे लागते.

देशी हातांचा प्रश्न मराठी मुलखात याच काळात ऐरणीवर होता. 1854 मध्ये अहमदनगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. तिथेच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. टाळ, मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग, सगळे मराठमोळे, आणि कथा येशूची. रात्रीच्या कीर्तनाला जमणारे पुरुष, त्यांचे भजनी मंडळ, गावोगाव फिरणारे उपदेशक, ही त्या काळची पुरुष संगतीच होती. कोल्हापूरच्या माणसाला हे समजायला तालमीकडे पाहावे. तालमीत पोरगा नुसती जोर-बैठक शिकत नाही. वस्ताद त्याच्या खाण्यापिण्यावर, संगतीवर, बोलण्यावर नजर ठेवतो आणि जोडीदार रोज त्याला मातीत पाडून उभे राहायला शिकवतात. मंडळीतल्या शिष्याचेही तसेच. फरक इतकाच, की इथे वस्तादालाही गुडघे टेकावे लागतात.

रॉयल वायल्डर आजारपणामुळे 1870 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेला परतले आणि प्रिन्स्टनला स्थायिक झाले. 1878 मध्ये त्यांनी मिशनरी रिव्ह्यू हे नियतकालिक काढले. त्यांच्या घरात कोल्हापूर रोजच्या बोलण्यात होते. 1883 मध्ये रॉबर्टने कॉलेजातल्या मित्रांना घेऊन एक छोटी मंडळी जमवली. देवाची इच्छा असेल तर परदेशी सेवेला जाऊ, अशा एका वाक्याच्या प्रतिज्ञेवर सह्या झाल्या. रविवारी दुपारी वायल्डरांच्या घरी बैठक भरे. पुरुषांची बैठक होती, म्हणून बहीण ग्रेस शेजारच्या खोलीत एकटी प्रार्थना करत बसे. आपल्याला हजार स्वयंसेवक मिळावेत, असे त्या भावंडांचे मागणे होते. चळवळीच्या इतिहासात ग्रेसला मिळतात त्या दोन-तीन ओळी. पण माउंट हर्मनचे बी त्या शेजारच्या खोलीतही पेरले गेले होते, हे मान्य करायला हवे.

शिबिरानंतर रॉबर्ट आणि लाहोरच्या मिशनऱ्याचा मुलगा जॉन फोर्मन हे दोघे वर्षभर अमेरिका आणि कॅनडातली कॉलेजे पालथी घालत फिरले. सुमारे 2,100 जणांनी नावे दिली. रॉबर्टचे वडील तेव्हा आजारी होते, तरी त्यांनी मुलाला अडवले नाही. 1887 च्या ऑक्टोबरात ते वारले. पुढच्या वर्षी चळवळीची रीतसर संघटना झाली. तिची धुरा घेणारा जॉन मॉट हा माउंट हर्मनच्या शंभरांपैकीच एक. त्याला पुढे 1946 मध्ये शांततेचे नोबेल मिळाले. एलायझा आणि ग्रेस या मायलेकी हिंदुस्थानात परतल्या आणि इस्लामपूर भागातल्या खेड्यांत राहिल्या. रॉबर्टनेही 1890 च्या दशकात हिंदुस्थानातल्या विद्यार्थ्यांमध्ये काम केले.

इकडे कोल्हापूरचे मिशन रत्नागिरी, पन्हाळा, सांगली, कोडोली, वेंगुर्ले असे पसरत गेले. 1889 मध्ये डॉक्टर विल्यम वॉन्लेस आले आणि मिरजेचे इस्पितळ उभे राहिले. तिथे तरुणांना हाताशी धरून वैद्यकी शिकवली जाई. सकाळी प्रार्थना, मग वॉर्ड, मग शस्त्रक्रियेची खोली. शिष्यत्वाचा इतका रोकडा नमुना दुसरा नसेल. शाहू छत्रपतींनी जातीजातींची वसतिगृहे काढायला हात दिला, त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही वसतिगृह होते.

पण या सगळ्या व्यवस्थेत एक खोट होती. पगार साहेबाच्या हातून येत होता. उपदेशक मिशनचा नोकर, शिक्षक मिशनचा नोकर. मिशनच्या वार्षिक अहवालांत या माणसांची गणती ‘नेटिव्ह हेल्पर’ अशा आकड्यात होई. नोकर आणि शिष्य ही दोन नाती एकाच माणसात गुंतली, की बंधुभाव मोकळा राहत नाही.

ही खोट ज्याने उघड बोलून दाखवली तो मराठी माणूस कोल्हापूरच्या शेजारी, साताऱ्यात होता. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि वीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला बिऱ्हाड नेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही तऱ्हेच्या ख्रिस्तशिष्यांची ती बंधुता असावी, असा त्यांचा संकल्प. वारकऱ्यांच्या संतसंगाचे संस्कार त्यामागे स्पष्ट दिसतात. मिशनरी मित्र अस्वस्थ झाले, कारण दरबाराचा दरवाजा त्यांच्या दरवाजापेक्षा रुंद होता. आधी शिष्य आणि मग बाप्तिस्मा, हा बॅप्टिस्टांचा क्रम टिळकांनी इतका ताणला, की बाप्तिस्म्याची घाईच उरली नाही. कोणत्याही पंथाला हे सहज पचणारे नव्हते. 9 मे 1919 रोजी टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही.

कल्पना मात्र मेली नाही. टिळकांचे चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी 1922 मध्ये अहमदनगरला ख्रिस्त सेवा संघ सुरू केला. 1927 मध्ये तो पुण्याला गेला. इंग्रज आणि हिंदी पुरुष एकाच पंगतीला जमिनीवर बसून जेवत, खादी नेसत, एकत्र प्रार्थना करत. पुढे आदिवासींचा अभ्यासक म्हणून गाजलेला व्हेरिअर एल्विन हिंदुस्थानात आला तो याच संघाचा सभासद म्हणून. सेरामपूरची पंगत आणि साताऱ्याचा दरबार, दोन्हींचे गुण त्या आश्रमात उतरले होते.

बॅप्टिस्ट धागा अखेर कोल्हापुरात पोचला तो 29 नोव्हेंबर 1970 रोजी. त्या दिवशी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. एकत्र आलेल्या सहा चर्चेसमध्ये प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचे युनायटेड चर्च होते आणि उत्तर भारतातल्या बॅप्टिस्ट चर्चेसची परिषदही होती. तान्ह्याचा बाप्तिस्मा आणि जाणत्याचा बाप्तिस्मा, दोन्ही एकाच छपराखाली मान्य झाले. या चर्चचा कोल्हापूर हा एक धर्मप्रांत आहे. वायल्डरांच्या नावाचे चर्चही शहरात उभे आहे.

या इतिहासातल्या साहेबांची चरित्रे छापली गेली, त्यांची पत्रे अमेरिकेतल्या ग्रंथालयांत नीट लावून ठेवलेली आहेत. देशी उपदेशक, पाळक, मंडळीतले वडील, शाळामास्तर यांच्या हकिकती मात्र बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांत, पंचांच्या सभांच्या इतिवृत्तांत आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत असतात. कोल्हापूर, कोडोली, पन्हाळा, मिरज, इस्लामपूर इथल्या मंडळ्यांतल्या पुरुष संगतींनी एवढे एक काम अंगावर घ्यावे: आपल्याकडच्या वह्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, ऐंशी पार केलेल्यांशी बसून बोलावे आणि ते मराठीत लिहून काढावे.