ईलॅम : वैद्यकीय अध्यापिकांचा नेतृत्व-विकास कार्यक्रम

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात चालणारा, ज्येष्ठ अध्यापिकांसाठीचा कार्यक्रम. स्थापना १९९५. ‘एक्झिक्युटिव्ह लीडरशिप इन अकॅडेमिक मेडिसिन’ या नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘ईलॅम’ म्हणून ओळखला जातो. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पेज मोराहन या त्याच्या संस्थापक संचालक होत.

२०१९ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थ्यांत स्त्रियांची संख्या प्रथमच निम्म्याहून अधिक झाली. अधिष्ठात्यांच्या खुर्च्या मात्र बहुतांशी पुरुषांकडेच राहिल्या. वर्गातली गर्दी आपोआप वरच्या मजल्यावर पोहोचत नाही, हे ईलॅमने आधीच ओळखले होते.

वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माणशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या शाखांतील अध्यापिका आपली नोकरी सांभाळून वर्षभर हे प्रशिक्षण घेतात. अर्थसंकल्प वाचणे, वाटाघाटी करणे, माणसे आणि साधने यांचे नियोजन करणे, हे रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत सहसा न शिकवले जाणारे विषय येथे शिकवतात. उमेदवाराची शिफारस तिच्याच संस्थेकडून यावी लागते. शिवाय प्रत्येकीला आपल्या संस्थेच्या गरजेचा एक प्रकल्प हाती घ्यावा लागतो. त्यामुळे तिच्या प्रगतीची जबाबदारी तिच्या एकटीवर न राहता संस्थेवरही येते.

या कार्यक्रमाची मुळे १८५० मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आहेत. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये तेथूनच डॉक्टर झाल्या. पुढे १८९२ मध्ये गुरुबाई करमरकर यांनीही तेथेच पदवी घेतली.