आपणच मालक, मग सुट्टी कुणाकडे मागायची?

10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेनं गिरण्या आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायचं मान्य केलं. ही सुट्टी सहज पदरात पडलेली नव्हती. ‘दीनबंधू’चे संपादक आणि सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे 1884 पासून तिच्यामागे होते. त्या वर्षी साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्यांचं निवेदन गेलं. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन बायकाही बोलल्या. दीड महिन्यात रविवार मिळाला.

ही गोष्ट बऱ्याच जणांनी वाचलेली असते. पण तो रविवार गिरणीच्या दारापर्यंतच होता. दाराबाहेरचा शिंपी, चांभार, भाजीवाली, गिरणगावातली खानावळ चालवणारी बाई यांना तो मिळाला नाही. लोखंड्यांकडे निवेदन द्यायला समोर एक मालक तरी होता. जो स्वतःच स्वतःचा मालक, त्यानं अर्ज कुणाला करायचा? आणि त्यानं एक दिवस दुकान बंद ठेवलं, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाणार. एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येईलच असं नाही.

आपल्याकडे या अडचणीवर जुनी तोड होती. एकट्यानं थांबायचं नाही, सगळ्यांनी मिळून थांबायचं. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आदल्या दिवशी त्याचे खांदे हळद-तुपानं चोळतात. बैल थांबला की औत थांबतं आणि औत थांबलं की शेतकरीही थांबतो. गावात कुणाचंच औत चालत नसल्यामुळे कुणी मागे पडत नाही. शहरात हेच सलूनवाल्यांनी केलं. रविवारी सगळ्यात जास्त गर्दी, म्हणून सोमवारी बंद. गावातली सगळीच सलूनं बंद, त्यामुळे गिऱ्हाईक मंगळवारची वाट बघतं.

पुढे कायद्यानंही हीच रीत उचलली. मुंबई प्रांतात दुकानांसाठी 1939 मध्ये कायदा झाला, नंतर 1948 मध्ये नवा आला. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद, असा त्याचा नियम होता. काही धंद्यांना सूट होती, पण नियमाचा रोख नोकरावर नव्हता, दुकानावर होता. शटर खाली आलं की मालकही घरी.

पण नोकरच नसेल तर? हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. पंजाबातही असाच कायदा होता. फिरोजपूर छावणीतल्या एका दुकानदाराचा बंदचा वार शुक्रवार होता. 1954 च्या जानेवारीतल्या एका शुक्रवारी निरीक्षकाला त्याचा मुलगा दुकानात माल विकताना सापडला. दुकानदाराला दंड झाला. त्याचं म्हणणं साधं होतं: माझ्याकडे पगारी माणूस नाही, दुकान मी आणि माझ्या घरचे चालवतो, मग हा कायदा मला कशाला? 1960 मध्ये न्यायालयानं त्याचं म्हणणं फेटाळलं. जास्त तास राबण्यानं आरोग्य बिघडतं, त्याची झळ कुटुंबाला आणि समाजाला लागते, म्हणून असं बंधन वाजवी आहे, असं न्यायालयानं मानलं. आपल्याच दुकानात राबणाऱ्याचं शरीरही थकतं, हे कायद्याच्या भाषेत मान्य झालं.

महाराष्ट्रात 2017 च्या नव्या कायद्यानं दुकानं वर्षाचे 365 दिवस उघडी ठेवायला मुभा दिली. कामगाराची साप्ताहिक सुट्टी कायम राहिली, पण दुकानाची गेली. एकट्यानं दुकान चालवणाऱ्याला जी आपोआप मिळत होती, तीही त्याबरोबर गेली. त्याच वर्षी पुण्यात चितळे बंधूंनी दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवायची जुनी प्रथा सोडली. त्यावर विनोद खूप झाले. पण शेजारचा उघडा राहिला की आपल्यालाही उघडं राहावं लागतं, ही धंद्यातली गोष्ट त्या विनोदांत कुठे आली नाही.

मग कायद्याशिवाय सुट्टी टिकवलीच नाही का कुणी? टिकवली. मुंबईच्या डबेवाल्यांनी. त्यांच्या कामाची सुरुवातही 1890 सालचीच मानतात, महादू हावजी बच्चे यांच्यापासूनची. डबेवाला कुणाचा नोकर नाही. गटातले सगळे भागीदार असतात आणि कमाई वाटून घेतात. कुणी आजारी पडला तर डबा अडू नये म्हणून गटात एखाददुसरा माणूस जास्तीचा ठेवतात. आणि दरवर्षी चैत्राच्या सुमारास खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशीकडच्या गावजत्रांसाठी सगळे मिळून पाच-सहा दिवस गावी जातात. तारखा आधी जाहीर होतात. शिवाय संघटना ग्राहकांना सांगते, की या दिवसांचे पैसे कापू नका.

म्हणजे तीन गोष्टी: सुट्टी सगळ्यांची एकदम, आधी सांगून, आणि तिची किंमत दरातच धरलेली.

आज फ्रीलान्स डिझायनर, क्लास घेणारी ताई, रील्स एडिट करणारा मुलगा, अॅपवर ‘पार्टनर’ म्हणवला जाणारा डिलिव्हरीवाला, हे सगळे त्याच शिंप्याचे आणि भाजीवालीचे वारस आहेत. फोनला शटर नाही. रात्री अकराला क्लायंटचा मेसेज येतो आणि उत्तर दिलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल अशी भीती असते. ती भीती खोटी नाही. म्हणूनच ‘स्वतःसाठी वेळ काढा’ हा सल्ला अपुरा पडतो. एकट्यानं काढलेला वेळ तोट्यात जातो.

पण एकाच कामातले चार-पाच जण एकमेकांची कामं दोन दिवस सांभाळू शकतात. दर ठरवताना वर्षाचे 52 आठवडे न धरता 48 धरता येतात. सुट्टीची तारीख महिनाभर आधी क्लायंटला कळवता येते. लोखंड्यांनाही एका रविवारासाठी आधी साडेपाच हजार सह्या गोळा कराव्या लागल्या होत्या. तुमच्या धंद्यातल्या चौघांचा व्हॉट्सअॅप ग्रुप बहुतेक आधीच असेल. त्यात पहिल्या सुट्टीची तारीख टाका.