प्लॅस्टरची करवत सुताराच्या हातात कशी आली?

फौजी माणूस हत्यारावर बोलणार म्हटले की बंदूक आठवते. पण आपल्या मराठीत सुताराची पटाशीसुद्धा हत्यारच. आज त्याच घराण्यातल्या ऑसिलेटिंग मल्टिटूलचा इतिहास पाहू. त्याचे मूळ मात्र लष्करी इस्पितळात आहे.

1852 साली डच लष्करातले डॉक्टर मॅथायसन यांनी मोडलेल्या हाडासाठी प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्यांची पद्धत प्रसिद्ध केली. क्रिमियन युद्धात रशियन सर्जन पिरोगोव यांनी जखमी सैनिकांवर प्लॅस्टर वापरले. पाय वाचू लागले, पण प्लॅस्टर काढताना कातडीला जपायचे कसे? उत्तर अमेरिकेत मिळाले. अस्थिरोगतज्ज्ञ होमर स्ट्रायकर यांच्या विजेच्या करवतीला 1947 साली पेटंट मिळाले. तिचे पाते गोल फिरत नाही, जागच्या जागी डोलते. कडक प्लॅस्टर कापले जाते. मऊ कातडी पात्याबरोबर हलते, म्हणून सहसा वाचते. दाबून धरले किंवा पाते तापले, तर मात्र इजा होतेच.

जर्मनीतल्या फाइन कंपनीने 1895 साली विजेवर चालणारे हातड्रिल बनवले होते. तिनेच 1967 साली प्लॅस्टरची डोलती करवत आणली आणि पुढे तेच तंत्र गाड्यांच्या व इमारतींच्या कामात उतरवले.

आमच्या भिलाईत 1959 साली पहिली झोतभट्टी सुरू झाली. इथे कापणे म्हणजे गॅसकटर नाहीतर ग्राइंडर. पण कोहक्यातल्या एखाद्या घरात सागवानी चौकटीचा पाय ओलीने कुजला, वरचा भाग धड असला, तर ग्राइंडर काय कामाचा? त्याची चकती मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेते. लाकूड जाळते, शेजारची टाइल फोडते, अडकली तर हातावर उसळते. मल्टिटूलचे पाते समोरून सरळ आत घुसते आणि रेघेवर थांबते.

निवडताना चार गोष्टी पाहा. डोलण्याचा कोन साधारण तीन-चार अंशांचा असतो. कोन मोठा तर काम झटपट, लहान तर नाजूक. वेग कमी-जास्त करता आला पाहिजे. खिळे असलेल्या लाकडाला बायमेटल पाते, टाइलच्या सांध्याला कार्बाइड. आणि पाते बसवायची खोबण बाजारात मिळणाऱ्या पात्यांशी जुळते का, हे आधी विचारा. 2016 पासून फाइन आणि बॉश यांची स्टारलॉक ही समाईक पद्धत आली आहे. चष्मा आणि मास्क हवाच.

यंत्राला जोर लावू नका, पाते हलके मागेपुढे करत राहा. प्लॅस्टर काढणाराही तेच करतो. काय कापायचे हे सगळेच बघतात. काय वाचवायचे हे आधी ठरवा, हत्यार आपोआप ठरेल.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!