कुंकळ्ळीचीं बारा छत्रें

देव वर्षांतून एकदां आपल्या स्थानांतून बाहेर पडतो, आपल्या गांवाची शींव फिरून पाहतो आणि पुन्हां आपल्या गाभाऱ्यांत येऊन बसतो, ही गोष्ट महाराष्ट्रांतील श्रोत्यांना नवी नाहीं. पुणें जिल्ह्यांत, शिरूर तालुक्यांतील रांजणगांवच्या महागणपतीची पालखी भाद्रपदांत चार दिशांच्या चार द्वारांना जाऊन येते. देवाचें गांव आणि गांवाचा देव हीं तेथें एकत्रच नांदत असल्यामुळें पालखी परत कोठें येणार हा प्रश्न कोणाच्या मनांत उद्भवतहि नाहीं. परंतु देव एका राज्यांत आणि त्याचें गांव दुसऱ्या राज्यांत, अशी अवस्था प्राप्त झाली तर पालखीचें काय व्हावें? सोळाव्या शतकांत गोमंतकांतील अनेक गांवांपुढें हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. कुंकळ्ळी गांवानें त्याचें जें उत्तर दिलें, तें आजहि दरवर्षीं वसंताच्या उंबरठ्यावर, फाल्गुन शुद्ध पंचमीस, पाहावयास मिळतें.

तें उत्तर नीट कळण्यास प्रथम दृष्टि युरोपच्या नैर्ऋत्य टोंकाकडे वळवावी लागते; कारण गोव्यांत जो दुसरा वसंतोत्सव रुजला तो तेथून आला. स्पेन व पोर्तुगाल या दोन शेजारी देशांत हिवाळा सरतांना जे सण येतात त्यांची मांडणी एकाच सूत्रावर झालेली आहे. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा जो ईस्टरचा रविवार, त्याच्या पूर्वीं चाळीस दिवसांचा उपासकाळ. त्याच्या आधींचे तीन-चार दिवस खाण्यापिण्याचे व थट्टामस्करीचे. राखेच्या बुधवारीं कपाळीं राखेचा क्रूस काढून उपासाला आरंभ. आणि शेवटचा आठवडा ख्रिस्ताच्या यातनांच्या स्मरणाचा. स्पेनमधील सेव्हिल शहरांत या पवित्र सप्ताहांत निरनिराळीं बंधुमंडळें ख्रिस्ताच्या व मरीयेच्या मूर्ति अवजड चौरंगांवर ठेवून रस्त्यांतून नेतात. चौरंग उचलणारे पुरुष त्याच्या पडद्याआड दडलेले असतात, त्यामुळें मूर्ति आपण होऊनच डुलत चालली आहे असा भास होतो. व्हॅलेन्सिया शहरांत सेंट जोसेफच्या सणाला, १९ मार्चच्या रात्रीं, भल्या मोठ्या प्रतिमा चौकाचौकांत उभ्या करून जाळतात. हें वर्णन ऐकून होळीची आठवण न होणारा मराठी माणूस विरळा.

साम्य एवढ्यावरच संपत नाहीं. ख्रिस्ती पंचांग सूर्यावर चालतें, हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु ईस्टरचा दिवस चंद्रावर ठरतो, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर येणारी जी पहिली पौर्णिमा, तिच्या पुढील रविवार तो ईस्टर. म्हणजे ही पौर्णिमा बहुधा आपल्या चैत्राची व कांहीं वर्षीं फाल्गुनाची असते. ती चैत्राची असली म्हणजे हिशेब मागें नेल्यास राखेचा बुधवार फाल्गुन शुद्ध पंचमीच्या अगदीं जवळ येऊन पडतो. सन २०२३ मध्यें तो बुधवार २२ फेब्रुवारीस आला व पंचमी २४ फेब्रुवारीस. गोव्यांतील हिंदु शिगम्याच्या तयारीला लागलेला असतो त्याच दिवसांत त्याचा ख्रिस्ती शेजारी इंत्रुजाचा आनंद आटोपून उपासाला बसतो. इंत्रुज हा शब्दहि पोर्तुगीज ‘एन्त्रुदु’चेंच कोंकणी रूप होय. हे दोन वसंत एका गांवांत शेजारीं कसे आले याचा इतिहास मात्र सुखाचा नाहीं.

सन १५१० मध्यें आल्फोन्स द आल्बुकर्क यानें गोवें घेतलें. १५४३ मध्यें साष्टी व बार्देश हे प्रांत पोर्तुगीजांच्या हातीं गेले. १५६० मध्यें धर्मसमीक्षण मंडळ, म्हणजेच इन्क्विझिशन, गोव्यांत स्थापन झालें आणि तें मधल्या अल्प खंडाखेरीज १८१२ पर्यंत चाललें. १५६६-६७ च्या सुमारास साष्टींतील देवळें मोठ्या संख्येनें पाडलीं गेलीं. भक्तांनीं देव उचलले, नदी-खाड्या ओलांडल्या आणि पोर्तुगीज सत्तेबाहेरील मुलुखांत त्यांची स्थापना केली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, मडगांवचा दामोदर जांबावलीस गेला. आज फोंडे महालांत व त्याच्या आसपास जीं देवालयें यात्रेकरू हौसेनें पाहतात, त्यांतील अनेकांचा मूळ गांव दुसराच आहे, हें त्यांच्या पुष्कळदां लक्षांतहि येत नाहीं.

साष्टीच्या दक्षिण भागांतील कुंकळ्ळी हें गांव या काळांत विशेष स्वाभिमानी म्हणून प्रसिद्ध होतें. गांवाचा कारभार बारा वांगडांच्या, म्हणजे बारा मूळ कुळांच्या, गांवकऱ्यांकडे होता. जमीन समाईक, देऊळ समाईक आणि उत्सवांतील मानपानहि कुळावार वांटून दिलेला. अशा व्यवस्थेंत देऊळ पडणें म्हणजे केवळ पूजास्थान जाणें नव्हे; गांवाचा कारभार ज्या खुंट्यावर बांधलेला असतो तो खुंटाच उपटला जाणें होय. सरकारचा कर देण्याचें या लोकांनीं नाकारलें तेव्हां त्यांच्यावर सैन्य आलें, आणि गांवांतील व परिसरांतील देवळें उध्वस्त झालीं. त्या वेळीं पोर्तुगालचा मुकुट स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या मस्तकावर होता. १५८० पासून १६४० पर्यंत हीं दोन्ही राज्यें एकाच छत्राखालीं होतीं. तेव्हां कुंकळ्ळीचा संघर्ष हा एका अर्थीं स्पेनच्या राजाच्या प्रजेचाच संघर्ष होता.

जुलै १५८३ मध्यें येशुसंघाचे पांच जण नव्या चर्चची जागा पाहण्यासाठीं व क्रूस उभारण्यासाठीं कुंकळ्ळीस आले. त्यांचा प्रमुख रुदोल्फ आक्वाव्हिवा हा इटलींतील उमराव घराण्यांतील असून, अकबर बादशहाच्या दरबारीं गेलेल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळाचा नेता म्हणून फत्तेपूर शिक्रीस राहून नुकताच परतला होता. पाचेको नांवाचा दुसरा धर्मगुरु मूळचा स्पेनचा. संतप्त गांवकऱ्यांनीं या पांचांना व त्यांच्याबरोबरच्या कांहीं देशी ख्रिस्ती लोकांनाहि ठार केलें. सूड येण्यास विलंब लागला नाहीं. बोलणीं करण्याच्या मिषानें गांवच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून त्यांची कत्तल करण्यांत आली. त्यांतील एकटाच साळ नदींत उडी टाकून निसटला, असें परंपरा सांगते. कुंकळ्ळी, वेरोडा, असोळणा, वेळ्ळी व आंबेली या गांवांच्या जमिनी जप्त होऊन पुढें एका पोर्तुगीज सरदार घराण्याकडे गेल्या, आणि काल जे जमिनीचे धनी होते ते आज तिचे खंडकरी झाले.

देवी शांतादुर्गा मात्र गांवाबाहेर गेली होती. दक्षिणेस कांहीं अंतरावर, तेव्हां पोर्तुगीज अंमलाबाहेर असलेल्या, फातर्पें येथें तिचें नवें देऊळ झालें. गांव सुटलें तरी गांवाचें नांव तिनें सोडलें नाहीं. फातर्प्यास बसूनहि ती आज शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण म्हणूनच ओळखली जाते. आडनांव मूळ गांवाचें आणि बिऱ्हाड परगांवीं, हा जो अनुभव कोंकणांतील व घाटावरील हजारों कुटुंबांना आहे, तो या देवीच्याहि वांट्यास आला असें म्हणावयास हरकत नाहीं.

फाल्गुन शुद्ध पंचमीस ही माहेरवाशीण आपल्या गांवीं येते. या उत्सवाला ‘सोंत्र्यो’, म्हणजे छत्र्या, असें नांव आहे. फातर्प्याहून पालखी निघते तेव्हां तिच्याबरोबर बारा रंगीत छत्रें चालतात, प्रत्येक वांगडाचें एक. ढोल-ताशे वाजत असतात, गुलाल उधळला जातो, उंच दांड्याचीं छत्रें नाचविलीं जातात आणि मिरवणूक कुंकळ्ळींतील देवीच्या प्राचीन स्थानापर्यंत येते. जेथें आज तिचें देऊळ नाहीं तेथें ती वर्षांतून एक दिवस येऊन जाते. बाराच्या बारा कुळांचें छत्र निघालेंच पाहिजे, हा या रीतीचा गाभा होय. जमिनी गेल्या, कारभार गेला, पुढारी गेले. परंतु आपण बारा होतों ही मोजणी गांवानें विसरावयाची नाहीं, असा तिचा अर्थ दिसतो.

या मोजणीचा दुसरा अर्थ अधिक हृदयस्पर्शी आहे. कालांतरानें कुंकळ्ळींतील पुष्कळ कुटुंबांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बारा वांगडांतील अनेक घरें आज चर्चमध्यें जाणारीं आहेत. तरीहि छत्रांच्या दिवशीं त्या कुळांतील ख्रिस्ती मंडळीहि उत्सवांत सामील होतात. धर्म पालटला तरी कूळ पालटत नाहीं, आणि कुळाचें छत्र हें धर्माच्या खात्यांत नव्हे, गांवाच्या खात्यांत जमा आहे, अशी ही समजूत आहे. राखेचा बुधवार व पंचमी हीं जवळजवळ येतात हें वर सांगितलेंच आहे. पुष्कळ वर्षीं छत्रांच्या मिरवणुकींत उभा असलेला ख्रिस्ती गांवकर हा उपासकाळांत नुकतेंच पाऊल टाकलेला असतो.

असें केवळ कुंकळ्ळीसच घडलें असें नाहीं. चांदर, म्हणजे कदंब राजांच्या काळचें चंद्रपूर, येथें इंत्रुजाच्या सोमवारीं रात्रीं ख्रिस्ती पुरुष हातांत मुसळें घेऊन ‘मुसळ खेळ’ खेळतात. विजयनगरच्या हरिहरानें मिळविलेल्या विजयाची ती स्मृति होय, असें परंपरा मानते. जो सण लिस्बनहून आला त्याच्या पोटांत विजयनगरची आठवण जपून ठेवावी, हें त्या गांवालाच साधलें. याच्या उलट, गोवा-वेल्हा येथें उपासकाळांतील पांचव्या रविवारच्या दुसऱ्या दिवशीं संतांच्या मूर्ति खांद्यांवर घेऊन जी मिरवणूक निघते, ती सरळ फ्रान्सिस्कन पंथाच्या परंपरेंतून आलेली आहे. १८३५ च्या सुमारास मठ बंद झाल्यावर ती खंडित झाली होती. पुढें पुन्हां सुरू झाली. शुभ शुक्रवारीं चर्चची घंटा मुकी होते व तिच्या ऐवजीं लांकडी खटखटा वाजतो, ही रीतहि स्पेन-पोर्तुगालचीच. परंतु मूर्ति खांद्यावर घेण्यासाठीं गांवकऱ्यांची जी झुंबड उडते, ती पाहून पालखीला खांदा देणाऱ्यांचे चेहरे आठवल्याखेरीज राहत नाहींत.

सत्तेनें या जुन्या रीती निपटून काढण्याचा प्रयत्न केला नाहीं असें नव्हे. १७३६ च्या एप्रिल महिन्यांत इन्क्विझिशननें एक लांबलचक फर्मान काढून नव्या ख्रिस्ती कुटुंबांना लग्नांतील हळद लावण्यापासून कोंकणी गाणीं म्हणण्यापर्यंत कितीतरी गोष्टींची बंदी केली. फर्मान काढणारें मंडळ १८१२ मध्यें संपलें. गोव्यांतील ख्रिस्ती घरांत लग्नापूर्वीं नारळाचा रस अंगास चोळण्याची ‘रोस’ ही चाल अद्याप आहे. राजाज्ञेनें देऊळ पडतें, जमीन जप्त होते. परंतु ऋतु आला म्हणजे हातांना जी संवय होते ती राजाज्ञेनें सहसा सुटत नाहीं.

वसंताच्या शेवटीं, वैशाख शुद्ध पंचमीस, डिचोली तालुक्यांतील शिरगांवीं लईराईची जत्रा भरते. व्रतस्थ ‘धोंड’ निखाऱ्यांवरून चालत जातात. म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रीस सायबीण ही या लईराईची बहीण होय, अशी लोकांची श्रद्धा आहे. तिचें फेस्तहि ईस्टरनंतरच्या याच दिवसांत येतें. एका बहिणीकडून दुसरीस फुलें जातात, दुसरीकडून पहिलीस तेल येतें. कोणत्याहि धर्मशास्त्रांत या नात्याला आधार सांपडणार नाहीं. गांवांच्या शेजारधर्मांत मात्र तो भरपूर सांपडतो.

तथापि या सलोख्याचें वर्णन करतांना त्याची किंमत विसरूं नये. कुंकळ्ळींत १५८३ च्या दोन्ही बाजूंच्या मृतांची स्मृति आहे. ठार झालेल्या पांच येशुसंघीयांना १८९३ मध्यें पोप तेरावा लिओ यानें धन्य म्हणून घोषित केलें. असोळण्याच्या किल्ल्यांत मारल्या गेलेल्या पुढाऱ्यांना स्मारक मिळण्यास मात्र गोवा मुक्त होऊन कित्येक वर्षें जावीं लागलीं. एकाच गांवांत दोन शोक शेजारीं नांदतात, आणि त्यांतील कोणताहि खोटा नाहीं. पांच परके धर्मगुरु निःशस्त्र होते हें जितकें खरें, तितकेंच बोलणीं करावयास गेलेले गांवकर विश्वासानें गेले होते हेंहि खरें.

पोर्तुगीज राज्याची व फातर्प्याची मधली हद्द अठराव्या शतकाच्या अखेरीसच नाहींशी झाली, कारण तो मुलूखहि पोर्तुगीजांच्या ताब्यांत गेला. पुढें १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवें मुक्त झालें आणि देवीला कायमची घरीं आणण्यास कोणाचीच आडकाठी उरली नाहीं. तरी ती गेली नाहीं. चार शतकें ज्यांनीं आश्रय दिला त्यांचें घर सोडावयाचें नाहीं, आणि ज्यांनीं जन्म दिला त्यांचा गांवहि विसरावयाचा नाहीं, असें जणूं तिनें ठरविलें आहे. पंचमीला बारा छत्रें तिला कुंकळ्ळीस घेऊन येतात, आणि मान पुरा झाला म्हणजे तींच छत्रें तिला फातर्प्यास पोंचवूनहि येतात.