राघूची चोच आणि बुरडाचा पिंजरा

माझ्या टेबलाच्या खणात बांबूची एक कामटी आहे. वीतभर लांबीची, आणि मधोमध इतकी कुरतडलेली की तिथं काडीएवढीच उरली आहे. बोट फिरवलं तर खाचा अजून लागतात. आजीच्या राघूच्या पिंजऱ्यातलं एवढंच शिल्लक राहिलं. तो पिंजरा बुरडानं विणलेला होता आणि वर्षातून दोनदा तरी बुरड तो दुरुस्त करायला यायचा. आजी त्याला पायलीभर ज्वारी द्यायची आणि राघूला शिव्या.

पुढं मी गुराढोरांच्या दवाखान्यात नोकरीला लागलो. पदाचं नाव पशुधन पर्यवेक्षक, लोकांच्या तोंडी डाक्टर. घाटंजीच्या आसपास बैलांचे खांदे, गाईंचं अडलेलं वासरू, शेळ्यांची लस, यांतच माझी हयात गेली. पण आठवडी बाजाराच्या दिवशी हमखास कुणीतरी पिशवीतून पिंजरा काढायचं. "डाक्टर, याले खाताच येत नाही. पाहा ना जी." पाहावं तर वरची लाल चोच वाढून गळ्याकडं वळलेली, आणि खालची काळपट चोच तिच्याआड दिसेनाशी झालेली. आजीच्या राघूला हे कधी झालं नव्हतं. का झालं नव्हतं, ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

घरात राघू असणं ही फार जुनी गोष्ट. इराणच्या दरबारी असलेला टेसियस नावाचा ग्रीक वैद्य इसवी सनापूर्वी ४००च्या सुमारास लिहून गेला की हिंदुस्थानात माणसाची भाषा बोलणारा पक्षी आहे, शिकवला तर ग्रीकही बोलेल. आमच्याकडं त्याला विठू-विठू म्हणायला शिकवलं, एवढाच फरक. जात्यावरच्या ओव्यांत लेक राघू झाला आणि लेकीची मैना झाली. देवळं बांधणाऱ्यांनी तर चोचीसकट नाक उचललं. गाभाऱ्यापुढच्या अंतराळावर शिखराचा जो भाग पुढं येतो त्याला शुकनास म्हणतात. आणि आंब्यात तोतापुरी, तीही टोकाच्या बाकामुळंच.

गंमत अशी की जे घर राघू पाळायचं, तेच घर त्याला धोंडेही मारायचं. ज्वारी निसवली की माळ्यावर बसून गोफण फिरवायची, डबे वाजवायचे. राघू कणीस खातो थोडं, पाडतो जास्त. दिवसभर थवा हाकलून आलेला माणूस संध्याकाळी ओसरीवरच्या पिंजऱ्यात हिरवी मिरची खोचायचा. मिरचीचं कुणाला नवल वाटायला नको. तिखटाची जी आग आपल्याला होते ती पाखरांना होत नाही.

पिल्लं यायची जंगलातून. हा भाग सागाचा. टिपेश्वर अभयारण्य आमच्या आणि केळापूरच्या शिवारात पसरलंय. जुन्या मोहाच्या, सागाच्या ढोलीत राघू अंडी घालतो. हिवाळा सरता सरता पिल्लं होतात आणि पोरं झाडावर चढतात. ढोलीत हात घालायचा, कधी पिल्लू मिळायचं, कधी साप. मग पाखरं धरण्याचा आळ यायचा तो मात्र फासेपारध्यांवर. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे लावून ते तित्तर-लावे धरत, हे खरं. पण इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, त्यांत पारधीही ओढले गेले. तो शिक्का कागदावरून पुसला गेला १९५२ साली, लोकांच्या तोंडून अजून नाही. राघूची जी पिल्लं मी पाहिली, ती बहुतेक आमच्याच गल्लीतल्या पोरांनी आणलेली.

बाजारात एक भविष्यवाला बसायचा. त्याचा राघू पिंजऱ्याबाहेर येऊन चोचीनं पाकीट ओढायचा, दाणा घ्यायचा, परत आत. पंख छाटलेले. लोक पाकीट बघायचे, मी चोच बघायचो. नेटकी असायची. मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, रोज कडुनिंबाची ओली फांदी देतो, साहेब, हे अवजार आहे, अवजार गंजून कसं चालेल?

तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. चोच म्हणजे हाडावर चढवलेलं नख. नखासारखीच ती जन्मभर वाढते, आणि पाखरू लाकूड चावून, वरची-खालची एकमेकींवर घासून ती झिजवत राहतं. वरची चोच कवटीशी बिजागरीसारखी हलते, म्हणून राघू तिसरा पाय असल्यासारखा तिच्यानं चढतो. आजीचा राघू दिवसभर कामटी कुरतडायचा. आम्हाला तो उपद्व्याप वाटायचा. मग बाजारात तारेचे पिंजरे आले. स्वस्त, न तुटणारे. बुरडाची खेप थांबली आणि राघूचं कामही गेलं. ओसरीवरचे जांब (म्हणजे तुमचे पेरू), तुरीच्या शेंगा, सोले जाऊन वाटीत नुसते शेंगदाणे आणि सूर्यफुलाचं बी आलं. चरबी वाढली की यकृत बिघडतं, आणि यकृत बिघडलं की चोच वेडीवाकडी वाढते. म्हणजे वाढलेली चोच नुसती कापून भागत नाही.

हे कळायच्या आधी मी ती कापत होतो. एकदा एका म्हाताऱ्या बाईंच्या राघूची चोच मी नख कापायच्या कात्रीनं अंमळ जास्त वर कापली. चोचीच्या आत रक्तवाहिनी असते. रक्त थांबेना. तुरटीची पूड दाबून धरली, माझा शर्ट लाल झाला, राघू जगला. बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या बाजाराला मात्र त्या दुसरीकडं गेल्या. तेव्हापासून मी कात्री टाकली. मऊ कानस, हलक्या हातानं, थोडं थोडं. आणि पिंजऱ्यात कडुनिंबाची किंवा जांभळीची जाड डहाळी, सालीसकट. किराण्यात मिळणारा समुद्रफेसही तारेला बांधायला सांगायचो. तो माकूळ नावाच्या समुद्री जिवाचा सांगाडा, त्यातून चुना मिळतो आणि चोचही घासली जाते.

आता हे सगळं परदेशी पाखरांच्या मालकांना सांगायचं, लव्हबर्ड आणि बजरीगर वाल्यांना. आपला राघू पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, १९९०-९१च्या सुमारास देशी पाखरांचा व्यापारही पुरता बंद झाला, आणि २०२२च्या दुरुस्तीनं राघूला वरच्या अनुसूचीत नेलं. तरी पिशवीत झाकलेला पिंजरा अजून दिसतो. मी उपचार सांगतो आणि वनखात्याचा रस्ता दाखवतो. काही जण जातात. बाकीचे "पाहू जी" म्हणून पिशवीचं तोंड आवळतात.

निवृत्तीनंतर माझ्या अंगणातल्या कडुनिंबावर रोज सकाळी वाघाडी नदीकडून थवा येतो. तासभर नुसती चावाचावी. नोकरीच्या सबंध काळात मला रानातला एकही राघू वाढलेल्या चोचीचा दिसला नाही. खाली स्कूटरच्या सीटवर कोवळ्या डहाळ्यांचा सडा पडतो, टोकं दोन्हीकडून सोललेली. झाडताना बायको कटकट करते, अगदी आजीसारखी.