दुसऱ्या टोकाचा माणूस

परवा बऱ्याच वर्षांनी मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जाणं झालं. भाच्याला वाफेचं इंजिन दाखवायचं होतं. तो इंजिनाभोवती रमला आणि मी आत टोकनच्या एका जुन्या यंत्रापुढे अडकलो. बाकी लोक एक नजर टाकून पुढे जात होते. त्यांचा दोष नाही. इंजिन न सांगताही कळतं. ह्या पेटीचं तसं नाही.

'छोटी लाईन' म्हणजे काय, हे नागपूरकरांना सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मुंबईकडून येणारी मोठी रेल्वे 1867 साली नागपूरला पोहोचली. 1887 मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिने सातपुड्याच्या जंगलातून अडीच फुटी रुळांचं जाळं विणलं. गोंदिया, नैनपूर, जबलपूर, छिंदवाडा. इकडे इतवारी, उमरेड, नागभीड. रूळ एकेरी. म्हणजे एकाच रुळावरून इकडच्याही गाड्या जाणार आणि तिकडच्याही. मग टक्कर होऊ नये कशी?

त्याचं उत्तर त्या पेटीत आहे. माझे मोठे मामा अशाच एका आडगावच्या स्टेशनात मास्तर होते. सुट्टीत गेलो की मी त्यांच्या टेबलाशेजारी ठाण मांडून बसायचो. दोन शेजारच्या स्टेशनांत अशी एकेक पेटी, मध्ये तारेची जोडणी. आत लोखंडी गोळे. मामांनी घंटा वाजवायची, पलीकडच्या मास्तराने तिकडून कळ दाबून धरायची, तेव्हाच इकडे मूठ फिरे आणि खण्णकन एक गोळा बाहेर पडे. तो चामडी पिशवीत घालून वेताच्या कड्यासकट ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. गोळा हातात नाही, तर गाडी हलायची नाही. आणि एक गोळा बाहेर असला, की तो दोन्हींपैकी एका पेटीत परत पडेपर्यंत दुसरा निघतच नाही. दोन्ही मास्तरांनी ठरवलं तरी निघत नाही!

1980 च्या आसपासची गोष्ट. मावशी बाळंतपणाला मामांकडे आली होती. रात्री कळा सुरू झाल्या. नागपूरला न्यायला हवं होतं. पॅसेंजर फलाटावर उभी, मावशीला डब्यात झोपवलेलं. पण समोरून मालगाडी निघालेली, गोळा तिच्या ड्रायव्हरपाशी. मामी येऊन म्हणाली, "अहो, काहीतरी करा नं! तुमचीच बहीण आहे."

मामा म्हणाले, "गोळाच निघत नाही त काय करू?"

पाऊण तास. मामा पूर्ण वेळ फलाटाच्या टोकाला कंदील घेऊन उभे होते. मालगाडी आली, कडं हातात पडलं, तसे ते धावतच आत गेले. मावशी वेळेत पोहोचली, सगळं सुखरूप झालं. मामीने मात्र पुढे कित्येक दिवस अबोला धरला. वशिला न चालणारी मी आयुष्यात पाहिलेली ती पहिली वस्तू.

पुढे वाफ गेली, डिझेल आलं. नागपूर-छिंदवाडा छोटी लाईन 2015 मध्ये बंद झाली, नागपूर-नागभीड नोव्हेंबर 2019 मध्ये. रुंदीकरण हवंच होतं. त्या गाडीच्या वेगाने आजचं पोट भरणार नाही, हे मलाही कळतं. आणि 2002 साली सुरू झालेल्या ह्या संग्रहालयाने इंजिनं, डबे, कंदील वाचवले, हे काही थोडं नाही.

पण त्या पेटीपुढे उभं राहिल्यावर जाणवलं, की ही वस्तू अर्धीच आहे. इंजिन एकटं जपता येतं. टोकनची पेटी मुळात दोघांतला संवाद. तिचा अर्थ पलीकडच्या स्टेशनात आणि मधल्या रुळांत. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची छोटी रेल्वे 1951 मध्ये हौशी माणसांनी चालवायला घेतली. तिथे इंजिनाबरोबर सिग्नल, टोकन आणि ते हाताळणारे हातही टिकले. आपल्याकडे दार्जिलिंग आणि माथेरानच्या गाड्यांना थंड हवेने आणि पर्यटकांनी तारलं. उमरेडच्या उन्हात कोण फिरायला येणार? तरी दोन लहान स्टेशनं आणि मधले आठ-दहा किलोमीटर रूळ राखता आले असते, तर इथलाही एखादा पोरगा तो खण्णकन आवाज ऐकता आणि वाट बघायला शिकता.

असो. भाचा इंजिन बघून आला आणि त्याने पेटीची मूठ फिरवायला हात पुढे केला. "मामा, हे चालतं का?"

"चालायचं," मी म्हटलं. "पण पलीकडे माणूस लागतो."