तात्सिन्स्काया: कागदावरचा तळ आणि जमिनीवरचा

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस लुफ्टवाफेने, म्हणजे जर्मन हवाई दलाने, आपली बहुतेक दप्तरे स्वतःच जाळली. उरलेल्या कागदांत तळांचे दर्जे सापडतात, पण दर्जा वाचून तिथे खरोखर काय होते ते कळतेच असे नाही.

फ्लीगरहोर्स्ट हा कायमचा तळ. बराकी, हँगर, कार्यशाळा सगळे जागेवर. आइनझात्सहाफेन शांततेच्या काळातच तयार करून ठेवलेला: इमारती शेतघरांसारख्या, धावपट्टीच्या गवतावर मेंढ्या, आणि युद्ध पेटले की लढाऊ तुकडीने येऊन उतरायचे. फेल्डफ्लुगप्लात्स मात्र आघाडीमागे मिळेल त्या सपाट जमिनीवर उभा राही. जमीन आणि तळाची व्यवस्था लुफ्टगाउ या प्रादेशिक प्रशासनाकडे, विमाने फ्लीगरकोअर या लढाऊ संघटनेकडे. एकाच तळाची हकीकत त्यामुळे दोन दप्तरांत विखुरते आणि दोन्हींचा मेळ बसेलच याची हमी नाही.

आकड्यांचा मेळ न बसणे म्हणजे काय, ते तात्सिन्स्कायाच्या तळावर दिसते. स्टालिनग्राडच्या वेढ्यात अडकलेल्या जर्मन सैन्याला रसद पुरवणारी युंकर्स 52 विमाने तिथून उडत. शहर तिथून सुमारे 260 किलोमीटर, म्हणजे तळ आघाडीपासून चांगला मागे. सोव्हिएत सेनानी बादानोव्हच्या 24व्या रणगाडा कोअरने पाच दिवसांत ते अंतर निरर्थक करून टाकले. तोफगोळे पडेपर्यंत तळ सोडायचा नाही, असा लुफ्टवाफेचा प्रमुख गोअरिंगचा हुकूम होता. 24 डिसेंबर 1942च्या पहाटे गोळे पडू लागले, तेव्हा कुठे धुक्यातून आणि बर्फातून, दिसेल त्या दिशेने विमाने उडाली.

जर्मन बाजूने 108 युंकर्स 52 आणि 16 युंकर्स 86 निसटल्याची नोंद आहे. ही संख्या मला भरवशाची वाटते: निसटलेली विमाने दुसऱ्या तळांवर उतरली, आणि उतरलेले विमान मोजता येते. सोव्हिएत बाजू नष्ट झालेल्या विमानांचा आकडा तीनशेच्या वर नेते. तो पूर्णतः बनावट म्हणून झटकून टाकणे घाईचे होईल. सोव्हिएत वृत्तांतांत रेल्वे स्थानकावर वाघिणींमध्ये भरलेल्या सुट्या विमानांचाही उल्लेख येतो. तीही मोजली गेली असतील, तर फुगवट्याचा काही भाग उलगडतो. पण थोडाच. पहाटे मैदानावर असलेल्या विमानांचा प्रचलित अंदाज 180च्या आसपासचा आहे, आणि त्यातून 124 वजा केल्यावर उरतात फार तर साठ. बाकीच्या विमानांचा हिशेब वाघिणींकडून मागावा लागतो, आणि तेवढी विमाने त्या स्थानकावर मावली असतील असे मला वाटत नाही.